एकच सीट, दोन तिकिटं : व्हॉट्सॲपमागची 'एर्लांग' भाषा मेसेजवर का चालते?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली रात्र. मी पुण्यात पहिल्या नोकरीत होते. बसच्या सीट बुक करणारं एक सॉफ्टवेअर आमची टीम सांभाळायची. अकराच्या सुमारास कस्टमर केअरमधून फोन आला, लातूरच्या गाडीत एकाच सीटची दोन तिकिटं निघाली आहेत. एक तिकीट लहान बाळाला घेऊन आलेल्या बाईंचं, दुसरं एका कॉलेजच्या मुलाचं. पैसे दोघांचे कापले गेलेले, मोबाइलवर 'कन्फर्म' दोघांच्या. शेवटी तो मुलगा ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसून गेला म्हणे. रात्रभर!

तो कोड माझा होता. मी तो इतक्या वेळा वाचला की पाठ झाला, पण चूक काही सापडेना. प्रत्येक ओळ बरोबर, टेस्ट सगळ्या पास. चूक होती ती दोन ओळींच्या मधल्या फटीत, आणि ती फट कुठल्याच ओळीवर लिहिलेली नसते.

ही फट येते कुठून, आणि ती राहूच नये म्हणून एक अख्खी प्रोग्रामिंग भाषा कशी बनवली गेली, ते आज समजून घेऊ. भाषेचं नाव एर्लांग. नाव कदाचित ऐकलं नसेल, पण व्हॉट्सॲपच्या सर्व्हरचा गाभा याच भाषेत लिहिलेला आहे. म्हणजे सकाळी उठल्या उठल्या तुमचा तिच्याशी संबंध येतोच.

खानावळीची वही

हॉस्टेलला राहिला असाल तर हे चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. कोपऱ्यावरच्या खानावळीत एक वही टांगलेली आहे. उद्या डबे किती, तो आकडा तिच्यात. ज्याला डबा हवा त्याने आकडा वाचायचा, त्यात एक मिळवायचा, आणि नवा आकडा लिहायचा.

तुम्ही वाचलं, १२. तुम्ही पेन शोधताय तेवढ्यात रूममेटने खांद्यावरून डोकावून तोच १२ वाचला. तुम्ही १३ लिहिलं. त्यानेही त्याच्या हिशोबाने १३ च लिहिलं. डबे हवे होते १४, येणार १३. दोघांनीही काहीच चुकीचं केलेलं नाही, आणि तरी उद्या एकजण उपाशी.

आमच्या बसचं नेमकं हेच झालं होतं. वेगासाठी आम्ही सीटचा नकाशा सर्व्हरच्या मेमरीत ठेवायचो. कोड विचारायचा, 'सीट १७ मोकळी आहे का?' उत्तर 'हो' आलं की पुढच्या ओळीत तिकीट फाडायचा. त्या दोन ओळींच्या मध्ये दुसऱ्या थ्रेडने तोच प्रश्न विचारला आणि त्यालाही 'हो' मिळालं. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या आत एकाच वेळी चालणारी कामं, आणि या सगळ्या थ्रेडची मेमरी एकच असते. सगळ्यांच्या हातात एकच वही. या प्रकाराला रेस कंडिशन म्हणतात. टेस्टमध्ये ती सहसा सापडत नाही, कारण टेस्ट चालवताना वहीपाशी आपण एकटेच उभे असतो. दिवाळीत रांग लागते.

यावरचा पुस्तकातला उपाय म्हणजे लॉक. वहीला एकच पेन दोरीने बांधायचं. पेन ज्याच्या हातात, त्यानेच वही वाचायची आणि लिहायची, बाकीच्यांनी थांबायचं. मी लॉक लावले, दोन आठवडे शांततेत गेले.

मग आम्ही जाण्यायेण्याचं तिकीट एकत्र काढायची सोय आणली. आता एका बुकिंगला दोन गाड्यांचे लॉक लागायचे. एकाने जाणाऱ्या गाडीचा लॉक धरला आणि येणाऱ्या गाडीच्या लॉकची वाट बघत बसला. दुसऱ्याने नेमकं उलट केलं. एकाकडे वही, एकाकडे पेन, आणि दोघंही 'तू आधी दे' म्हणत बसलेले. याला डेडलॉक म्हणतात. यात क्रॅश होत नाही, एरर येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही. सिस्टिम नुसती गप्प. रात्री दोन वाजता मी सर्व्हर रीस्टार्ट करत बसले होते. यावरही नियम आहे, लॉक नेहमी ठरलेल्या क्रमानेच घ्यायचे. पण तो नियम टीममधल्या प्रत्येकाने, प्रत्येक फंक्शनमध्ये, कायम लक्षात ठेवायचा. कंपायलर त्याची आठवण करून देत नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे टीम लीड म्हणाले, "अगं, वहीला किती कुलपं लावशील? मुळात वही सगळ्यांच्या हातात देतेसच कशाला?" आणि त्यांनी मला जो आर्मस्ट्राँग यांचा २००३ चा पीएचडी प्रबंध वाचायला दिला. प्रबंध म्हटल्यावर मी जरा वैतागलेच होते. पण तो वाचताना झोप आली नाही, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट!

वही काकूंकडे

त्यातली मूळ कल्पना आपल्या खानावळीच्या भाषेत सांगते. वही भिंतीवरून काढा आणि काकूंच्या हातात द्या. ती काकूंखेरीज कोणीही बघायची नाही, हात लावणं तर दूरच. बाहेर एक पेटी ठेवा. डबा हवा असेल तर चिठ्ठी लिहा, 'उद्या एक डबा, खोली २०४', आणि पेटीत टाकून आपल्या कामाला लागा. काकू पेटीतून एकेक चिठ्ठी काढतील, वहीत नोंद करतील, आणि हवं असेल तर उत्तराची चिठ्ठी तुमच्या पेटीत टाकतील.

आता शंभर जणांनी एकदम चिठ्ठ्या टाकल्या तरी वहीवर हात एकच. लॉक नाही, पेन नाही, फट नाही.

एर्लांगमध्ये या काकूंना प्रोसेस म्हणतात, पेटीला मेलबॉक्स आणि चिठ्ठीला मेसेज. यासाठी वेगळी लायब्ररी लागत नाही, हे भाषेच्या व्याकरणातच आहे. नवी प्रोसेस सुरू करायला 'स्पॉन', मेसेज पाठवायला चक्क एक उद्गारचिन्ह, आणि पेटीतून चिठ्ठी काढायला 'रिसीव्ह'. एका प्रोसेसने दुसरीच्या मेमरीत डोकावायचं म्हटलं तरी भाषेत तशी सोयच नाही. मेसेज पाठवताना त्याची कॉपी जाते. (६४ बाइटपेक्षा मोठा बायनरी डेटा आतून सामायिक ठेवतात, पण तो कोणालाच बदलता येत नाही, म्हणून धोका नाही.) शिवाय व्हेरिएबलला एकदा किंमत दिली की ती बदलत नाही. कॉलेजात सी शिकून आलेल्या माणसाला हे पहिले चार दिवस छळ वाटतं. मलाही वाटलं.

भाषेची रचना याचा खरा अर्थ मला इथे कळला. मी समजत होते की एखाद्या भाषेत काय काय करता येतं, त्यावरून तिची किंमत ठरते. एर्लांगच्या लोकांनी आधी काय करता येऊ नये ते ठरवलं. माझी दिवाळीची चूक एर्लांगमध्ये त्या रूपात लिहिताच आली नसती.

टेलिफोन एक्सचेंजची गरज

ही भाषा विद्यापीठात नाही, टेलिफोनच्या कंपनीत जन्मली. १९८६ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी तिच्यावर काम सुरू केलं. सुरुवातीची आवृत्ती प्रोलॉग नावाच्या दुसऱ्या भाषेत लिहिलेली होती. नाव आग्नर क्रारूप एर्लांग या डॅनिश गणितज्ञावरून आहे. टेलिफोनच्या वाहतुकीचं गणित त्यांनी मांडलं, आणि ती वाहतूक मोजण्याच्या एककालाही त्यांचंच नाव आहे. 'एरिक्सन लँग्वेज' असाही त्याचा अर्थ निघतो, ती त्यांची गंमत.

एक्सचेंजमध्ये हजारो कॉल एकाच वेळी चालू असतात. एका कॉलमध्ये गडबड झाली तर फक्त तोच तुटला पाहिजे, शेजारच्यांना पत्ताही लागता कामा नये. आणि सॉफ्टवेअर अपडेट करायचंय म्हणून शहराचे फोन बंद ठेवता येत नाहीत. म्हणून एर्लांगमध्ये एका मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी मेमरीत राहू शकतात. जुनी कामं जुन्या कोडवर संपतात, नवी कामं नव्यावर सुरू होतात.

गंमत म्हणजे कार्ल ह्यूइट यांनी १९७३ मध्येच 'ॲक्टर मॉडेल' नावाने जवळपास हीच कल्पना कागदावर मांडली होती. एर्लांगच्या मंडळींना ती तेव्हा माहीत नव्हती, ते आपल्या अडचणी सोडवत सोडवत तिथे पोचले. आणि 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हा शब्द रूढ करणारे ॲलन के यांनी तर पुढे सांगितलं की त्यांच्या कल्पनेत महत्त्वाचा भाग ऑब्जेक्ट नव्हताच, मेसेज होता. आपल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी क्लास आणि इनहेरिटन्स घोटून घेतात, मेसेजचं नावही निघत नाही. असो.

एका कॉलला एक प्रोसेस द्यायची, तर प्रोसेस स्वस्त हवी. जावाच्या साध्या थ्रेडसाठी ६४ बिट लिनक्सवर सहसा १ एमबीचा स्टॅक राखून ठेवतात. एर्लांगची नवी प्रोसेस अडीच केबीच्या आसपास बसते. त्यामुळे एका मशीनवर लाखो प्रोसेस चालवणं ही तिथे रोजची गोष्ट.

तुमच्या फोनमध्येही पेटी आहे

'इव्हेंट-ड्रिव्हन' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तो याच घराण्यातला, पण थोडा वेगळा. इव्हेंट म्हणजे घंटा. वाजली, ज्याला ऐकायची त्याने ऐकली. मेसेज म्हणजे नाव लिहिलेली चिठ्ठी.

तुमच्या अँड्रॉइड फोनवरचं प्रत्येक ॲप घंटेवर चालतं. तुम्ही स्क्रीनला बोट लावलं की एक इव्हेंट रांगेत जातो, आणि ॲपचा मुख्य थ्रेड रांगेतून एकेक इव्हेंट काढून हाताळतो. वेबपेजवरच्या जावास्क्रिप्टचंही तेच, एक रांग आणि एकच हात. जोवर प्रत्येक काम छोटं आहे तोवर झकास चालतं. पण मुख्य थ्रेड एखादी मोठी फाइल वाचत बसला की मागचे सगळे टॅप रांगेत अडकतात. बोट लावल्यावर पाच सेकंदांत ॲपकडून काहीच हालचाल झाली नाही, की अँड्रॉइड 'ॲप प्रतिसाद देत नाही' अशी खिडकी दाखवतो. स्वस्त फोनवाल्यांना ती चांगली ओळखीची असेल. एकट्या काकू तांदूळ निवडायला बसल्या आणि बाहेर रांग वाढत गेली, असा तो प्रकार.

एर्लांगमध्ये प्रत्येक कामाला वेगळ्या काकू, आणि ओट्यावर पाळ्या लावलेल्या. एका पाळीत प्रोसेसला साधारण ४००० 'रिडक्शन' मिळतात. एक फंक्शन कॉल म्हणजे ढोबळमानाने एक रिडक्शन. ते संपले की काम अर्धवट असलं तरी बाजूला व्हायचं, पुढचीला जागा द्यायची. कोणीच ओटा अडवून बसू शकत नाही.

पडलं तर पडू दे

एर्लांगवाल्यांचं सगळ्यात बदनाम तत्त्व म्हणजे 'क्रॅश होऊ दे'. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. कॉलेजात शिकवलेलं असतं की प्रत्येक एरर पकडा, प्रत्येक ठिकाणी ट्राय-कॅच टाका.

आर्मस्ट्राँग यांचा मुद्दा साधा आहे. ज्या प्रोसेसची वही बिघडली आहे, तिच्याच हिशोबावर विसंबून तिने स्वतःला कसं दुरुस्त करायचं? चक्कर येऊन पडलेल्या माणसाने स्वतःची नाडी तपासावी, असं ते झालं. म्हणून दुसऱ्या कोणीतरी लक्ष ठेवायचं. एर्लांगमध्ये 'सुपरवायझर' नावाच्या प्रोसेस असतात, त्यांचं काम हेच. हाताखालची प्रोसेस मेली की त्यांना मेसेज येतो, आणि त्या तिच्या जागी कोरी नवी सुरू करतात. तीही ठरलेल्या वेळेत ठरलेल्यापेक्षा जास्त वेळा मेली, तर सुपरवायझर स्वतः हात टेकते आणि प्रकरण तिच्या वरच्या सुपरवायझरकडे जातं. आपल्या सरकारी कार्यालयांसारखीच उतरंड, फक्त मिलिसेकंदांत चालणारी.

हे सगळं शक्य होतं ते कोणाचीच मेमरी सामायिक नसल्यामुळे. एका थ्रेडने सामायिक वही खराब करून ठेवली आणि मग तो मेला, तर बाकीचे त्याच खराब वहीवर काम करत राहतात. एर्लांगमध्ये मरणाऱ्या प्रोसेसबरोबर तिची वहीही जाते.

इतकी गुणाची भाषा, तरी १९९८ मध्ये एरिक्सनच्याच एका विभागाने नव्या प्रॉडक्टमध्ये तिच्या वापरावर बंदी घातली. स्वतःची भाषा सांभाळत बसण्यापेक्षा जगात चालणाऱ्या भाषा वापराव्यात, असा हिशोब होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एर्लांग ओपन सोर्स झाली, आणि थोड्याच दिवसांत तिच्यावर काम करणारे बरेचजण, आर्मस्ट्राँगसुद्धा, कंपनी सोडून बाहेर पडले. ओपन सोर्स झाली नसती तर २००९ मध्ये सुरू झालेल्या व्हॉट्सॲपच्या हाती ती लागली नसती. त्यांनी एर्लांगमधलाच इजॅबरडी नावाचा तयार चॅट सर्व्हर घेऊन सुरुवात केली आणि मग तो जवळपास सगळा बदलला. जोडलेल्या प्रत्येक फोनमागे सर्व्हरवर एक प्रोसेस. २०१२ च्या जानेवारीत त्यांनी एका सर्व्हरवर २० लाख कनेक्शन चालवून दाखवले. २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरला कंपनी घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा महिन्याला वापरणारे ४५ कोटींच्या वर होते आणि इंजिनिअर होते ३२. श्रेय एकट्या भाषेचं नाही, त्या लोकांनी ऑपरेटिंग सिस्टिमपासून एर्लांगच्या आतल्या कोडपर्यंत सगळीकडे हात घातला होता. पण प्रत्येक फोनमागे एक प्रोसेस ठेवून इतक्या कमी माणसांत तो पसारा सांभाळता आला, यात भाषेचा वाटा मोठा आहे.

चिठ्ठी पोचली का?

आम्ही बुकिंगचा तो भाग एलिक्सरमध्ये पुन्हा लिहिला. एलिक्सर ही एर्लांगच्याच इंजिनवर चालणारी नवी भाषा, लिहायला जरा सुटसुटीत. एक फेरी, एक प्रोसेस. सीटचा नकाशा त्या प्रोसेसकडे, बाकी सगळ्यांनी चिठ्ठ्या पाठवायच्या. एका सीटची दोन तिकिटं निघणं थांबलं.

आणि नवी दुखणी सुरू झाली. हे सांगितलं नाही तर लेख जाहिरात होईल.

पहिलं दुखणं उत्तराचं. तुम्ही चिठ्ठी पाठवली, पाच सेकंद वाट बघितली, उत्तर नाही. आता काय समजायचं? चिठ्ठी हरवली, की काकूंनी सीट बुक केली पण उत्तर यायला उशीर झाला? आमच्या ॲपने 'पुन्हा प्रयत्न करा' दाखवलं, लोकांनी पुन्हा बटण दाबलं, आणि काहींच्या नावावर दोन वेगवेगळ्या सीट पडल्या. एर्लांग सांगते ते इतकंच, की एका प्रोसेसने दुसरीला पाठवलेले मेसेज जे पोचतील ते पाठवलेल्या क्रमाने पोचतील. पोचतीलच, असं ती म्हणत नाही. वेगवेगळ्या लोकांच्या चिठ्ठ्यांमध्ये आधी कोणाची, याचीही हमी नाही. व्हॉट्सॲपमधल्या खुणा आठवा. एक टिक म्हणजे सर्व्हरला पोचला, दोन म्हणजे समोरच्याच्या फोनला पोचला, निळ्या म्हणजे वाचला. ही पोचपावती भाषेतून फुकट मिळत नाही, ती आपली आपण बांधावी लागते. आम्ही प्रत्येक बुकिंगला फोनवरच एक नंबर द्यायला लागलो. तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर नवी सीट न देता जुनंच उत्तर परत पाठवायचं.

दुसरं दुखणं माझ्याच हातचं. सगळ्या फेऱ्यांची नोंद ठेवायला मी एकच प्रोसेस केली होती. हजारो काकू एकाच कारकुनाला चिठ्ठ्या पाठवतायत! मेलबॉक्सला मर्यादा नसते. पेटी कधी 'भरली' असं म्हणत नाही, ती फुगत जाते. एका लाँग वीकेंडला त्या एका मेलबॉक्सने मशीनची सगळी मेमरी खाल्ली आणि पूर्ण सर्व्हर बसला, सगळे सुपरवायझर धरून. प्रोसेस एकमेकींपासून वेगळ्या असतात, पण मशीनची मेमरी शेवटी एकच. त्यानंतर कोणत्याही सिस्टिममध्ये मी आधी एकच गोष्ट बघते, कुठली पेटी रिकामी होण्यापेक्षा वेगाने भरतेय.

हे सगळं करून बघायला लॅपटॉपच हवा असं नाही. अँड्रॉइडवर टर्मक्स असेल तर त्यात एर्लांगचं पॅकेज मिळतं. शेल उघडा आणि एक लाख प्रोसेस सुरू करा, ज्या नुसत्या 'रिसीव्ह' वर बसून राहतील. कोड दोन ओळींचा आहे, एर्लांगच्या अधिकृत माहितीपानांवर 'स्पॉन' च्या उदाहरणातून जमवता येईल. अडीचशे एमबीच्या आसपास मेमरी लागेल, म्हणून आधी बाकीची ॲप बंद करा. अँड्रॉइडला यातलं काही दिसत नाही, त्याच्या दृष्टीने ती सगळी मिळून एकच प्रोसेस. आता एकूण प्रोसेस मोजा, एक लाखाच्या थोड्या वर दिसतील, कारण शेलच्या स्वतःच्या काही असतात. मग तुमच्यातली कुठलीही एक मारा आणि पुन्हा मोजा. आकडा एकाने कमी झालेला असेल, बाकीच्या तशाच चिठ्ठीची वाट बघत बसलेल्या असतील.